नळ्या गप्प बसतात तो वेग

धाकट्याच्या वहिनीचा धंदाच मुळी लोकांना सुया टोचायचा, आणि तरी ती दारात उभी राहिली की लोकांचे चेहरे खुलतात. धाकट्याला याचं पहिल्यापासून नवल वाटत आलंय. तो स्वतः मोटारसायकली दुरुस्त करतो, जन्मात कुणाला साधा ओरखडा काढलेला नाही, पण त्याच्या गॅरेजात शिरणारा प्रत्येक जण तोंड वाकडं करूनच शिरतो.

घरात माणसं तीन. आई, वहिनी आणि हा. थोरला भाऊ लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, स्वतःच्याच घरी पाहुण्यासारखा येतो, पोटभर झोपतो आणि परत जातो. धाकट्याचं लग्न व्हायचंय, म्हणजे तसं आई म्हणते. तो विषय निघाला की धाकट्याला कुठला तरी दिवा दुरुस्त करायची आठवण होते आणि तो स्टुलावर चढतो. खाली गॅरेज, वर बिऱ्हाड. खाली ऑइलचा वास, वर स्पिरिटचा, आणि जिन्यात दोन्ही. पाहुण्यांना त्या जिन्यात ठसका लागतो, या तिघांना त्याचं काही वाटत नाही.

वहिनी लग्न होऊन आली तेव्हा इस्पितळात रक्त काढायच्या खोलीत कामाला होती. एकदा तिथे एका म्हाताऱ्या बाईला तिच्या मुलांनी चक्क दाराच्या फळीवर निजवून आणलं. कशासाठी, तर चमचाभर रक्त द्यायला. परत नेताना जिन्याच्या वळणावर फळी कलली आणि म्हातारी घाबरून असं काही ओरडली की अख्खा मजला बाहेर आला. त्या दिवशी वहिनीला जेवण गेलं नाही. ताटावरून उठता उठता म्हणाली, "चमचाभर रक्तासाठी अख्खं माणूस उचलून आणायचं? मी गेले त्यांच्याकडे तर झिजणार आहे का?" आणि जायला लागलीच. आधी बसने, मग सायकलवर, आणि मग धाकट्याने तिला मोटारसायकल शिकवली. शाळेच्या मैदानावर ती धडाधड पडायची, आणि पडल्यावर आधी विचारायची, "भाऊजी, गाडीला काही लागलं नाही ना?" अशी शिष्या मिळाली तर कुठला मेकॅनिक खूश होणार नाही?

तर अशी ही वहिनी. गाडीच्या मागच्या कॅरिअरवर पांढरी पेटी, पेटीत बर्फाच्या पिशव्या, आणि स्टीलच्या स्टँडमध्ये उभ्या लावलेल्या रक्ताच्या नळ्या. गाव संपून टेकडीकडे जाणारे सगळे रस्ते तिचे. जे अंथरुणाला खिळले, ज्यांच्या घरी उचलून न्यायला कुणी नाही, ज्यांना बाळ झालंय नि घराबाहेर पडवत नाही, त्यांच्या घरोघरी ती जायची आणि दुपारच्या आत नळ्या लॅबमध्ये पोहोचवायची.

धाकट्याने तिचं काम एकदाच जवळून पाहिलं होतं, आणि ते पाहणं त्याला पुरलं. एका म्हाताऱ्या शिंप्याच्या घरी कसलासा पंप बिघडला होता म्हणून तो गेला होता आणि नेमकी वहिनी तिथे आली. शिंपी इतका वाळलेला की दंडावर नुसती कातडी. इस्पितळातून दोन जण येऊन हात हलवत गेले होते. वहिनीने खुर्ची ओढली, शिंप्याचा हात स्वतःच्या मांडीवर घेतला, डाव्या हाताचं पहिलं बोट त्याच्या कोपराच्या खळीत ठेवलं आणि डोळे मिटले. दाबलं नाही, चोळलं नाही. बोट नुसतं ठेवलं, जरासं उचललं, पुन्हा ठेवलं. मग तिने त्याच मिटल्या डोळ्यांनी म्हटलं, "आहे. खोल आहे, पण आहे." आणि सुई गेली ती थेट. नळीत रक्त आलेलं पाहिलं आणि धाकटा भिंतीला टेकून अलगद खाली बसला, कारण रक्त पाहिलं की या पहिलवान गड्याचे पाय लटपटतात. गल्लीत त्यावरून बरेच दिवस त्याची टिंगल झाली. पण त्याच्या डोक्यात राहिलं ते ते बोट. संध्याकाळी त्याने विचारलंच, "वहिनी, डोळे मिटून तुम्हाला काय दिसतं?"

"दिसत काही नाही हो. शीर बोटाला भेटते. खाली कुणीतरी हळूच ढकलल्यासारखं वाटतं, बस." मग हसून म्हणाली, "डोळे उघडे ठेवले की मनाला हवं ते दिसायला लागतं. म्हणून मिटायचे."

इंजिनच्या पोटातलं काय वाजतंय हे कानाने ओळखणारा माणूस हा. आपल्याला काही कळतं असा त्याचा थोडा तोरा होता. त्या दिवसापासून तो तोरा त्याने घरी तरी दाखवला नाही.

आणि मग त्या बोटालाच मुंग्या यायला लागल्या.

सुरुवातीला वहिनीने कुणाला सांगितलं नाही. बायकांची ही एक खोड, स्वतःचं दुखणं म्हणजे जणू चोरीचा माल. परत आल्यावर ती हात झटकायची, बोटं चोळायची, कोमट पाण्यात बुडवून बसायची. एके दिवशी चहाचा कप हातातून सुटला. आई म्हणाली, "लक्ष कुठंय तुझं?" वहिनी फरशी पुसत राहिली.

पुढे आईच्याच हातावर ते उघडं पडलं. आईच्या मूत्रपिंडांचं दुखणं जुनं. तिचं रक्त ठरावीक काळाने तपासायचं आणि त्यावरून डॉक्टर औषध कमी-जास्त करणार. आईच्या शिरा म्हणजे नुसता पळपुटेपणा. बोट लावलं की सरकतात. वहिनीखेरीज आई कुणाला हात लावू द्यायची नाही, आणि वहिनी इतकी वर्षं एकदाही चुकली नव्हती. त्या सकाळी चुकली. तिने सुई काढली, दुसऱ्या हातावर बोट ठेवलं, डोळे मिटले, खूप वेळ बसली, टोचलं, आणि पुन्हा चुकली. त्यांच्या कामात नियम असा की दोनदा चुकलं की तिसऱ्यांदा त्याच माणसाने टोचायचं नाही. वहिनीने सुई खाली ठेवली. आईला रिक्षात घालून इस्पितळात नेलं, तिथे कसंबसं रक्त मिळालं, पण तोवर आईचे दोन्ही हात निळे पडले होते.

शेजारीण म्हणाली, "अगंबाई, हे काय झालं?" आई म्हणाली, "कपाटाला धडकले." शेजारीण म्हणाली, "दोन्ही हातांनी?" आई म्हणाली, "कपाट मोठं आहे."

सासू आपल्यासाठी खोटं बोलली, हे वहिनीच्या फार जिव्हारी लागलं. त्या दिवशी ती जिन्यात बसून रडली. धाकटा खालून पाना घेऊन वर येत होता, तो तिथेच थबकला. वहिनीने डोळे पुसले आणि हात पुढे केला. "भाऊजी, या बोटाला आता काही कळत नाही. शर्टाचं बटण लावताना ते बटण आहे की भोक, हेसुद्धा बघावं लागतं."

दोघं डॉक्टरांकडे जाऊन आले. डॉक्टर चांगले होते, उगाच आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाले, गाडीच्या हँडलची थरथर हातात जाते, रोज तासन् तास जाते, त्याने नस थकलीय. थरथर थांबली तर बोट परत येईलही, किती येईल ते सांगता येत नाही. नाही थांबली तर येणार नाही, हे मात्र सांगता येतं. गाडी सोडा.

"गाडी सोडली तर टेकडीवर कोण जाणार?" वहिनी म्हणाली.

घरी आल्यावर आईने सुचवलं की स्कूटर घे, बायका स्कूटर चालवतात. तेही करून झालं होतं. लहान चाकांची स्कूटर त्या रस्त्यांवर बेडकासारखी उड्या मारत जाते आणि एका फेरीत निम्म्या नळ्या वाया गेल्या होत्या. मग वहिनीने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगून टाकलं, "दोन महिन्यांनी आईंचं रक्त पुन्हा काढायचंय. तेव्हा बोटाला शीर लागली तर लागली. नाही लागली तर मी सुई कायमची ठेवणार. अंदाजाने टोचत फिरायला मी काय डास आहे?"

ती असं म्हणाली म्हणजे तसंच करणार, हे दोघांना माहीत होतं. धाकटा तसाच खाली गाडीपाशी गेला, कारण गाडी त्याची होती. म्हणजे नाव वहिनीचं, पण तिच्यातला प्रत्येक नटबोल्ट याच्या हातचा. आपण ज्या गाडीची देखभाल करतो तीच गाडी आपल्या वहिनीचं बोट खात होती आणि आपल्याला पत्ता नव्हता, ही गोष्ट त्याला झोंबली.

दुसऱ्या दिवशी त्याने बाकीच्या गिऱ्हाइकांना वाटेला लावलं आणि वहिनीची गाडी स्टँडवर घेतली. इंजिन चौकटीला धरून ठेवणारे बोल्ट घट्ट केले. चेन ताणली. चाकं फिरवून बघितली. सायलेन्सरचा रबर बदलला. मग पेटी उतरवून आत ठेवली आणि चक्कर मारून आला. ही पेटी उतरवायची त्याची सवय जुनी. एक तर तेलकट हात पेटीला लावायचे नाहीत असा आईचा दंडक, आणि दुसरं, पेटीत काय असतं हे आठवलं की त्याला कसंतरीच व्हायचं. पेटी आत, मग गाडीला हात. चक्कर झकास झाली. हँडल शांत. "झालं वहिनी," तो म्हणाला, "आता बघा, लोणी."

वहिनी दुपारी परत आली आणि हात पाण्यात घालून बसली.

मग त्याने हँडलच्या दोन्ही टोकांना जड लोखंडी वजनं बसवली, म्हणजे थरथर तिथेच जिरावी. पेटी उतरवली, चक्कर मारली, उत्तम. वहिनी परत आली, हात पाण्यात. मग हँडलच्या पोकळ नळीत शिशाचे छर्रे भरले आणि वरून बूच मारलं. चक्कर उत्तम, वहिनीचे हात पाण्यात. मग त्याने फोमच्या जाड मुठी आणल्या, उशीसारख्या मऊ. वहिनीचा तळहात लहान. तिला त्या जाड मुठी धरायला आणखी आवळायला लागलं आणि त्या दिवशी तिला जेवताना घाससुद्धा नीट धरता येईना.

धाकट्याचा आता तोल गेला. तो स्वतःवर चिडला होता, पण माणूस स्वतःवर चिडला की समोरच्यावर ओरडतो. "वहिनी, रागावू नका, पण तुम्ही हँडल आवळून धरत असणार. मी चालवतो तेव्हा काही होत नाही. गाडीत दोष उरलाच नाहीये."

"म्हणजे दोष माझ्यात."

"मी तसं म्हटलं नाही."

"मग कसं म्हटलं?"

धाकट्याला आधार द्यायला जवळपास एकही दिवा बिघडलेला नव्हता. आईने मध्ये पडून दोघांना झापलं, "भांडून बोट बरं होणार असेल तर मीही येते भांडायला." आणि मग तिनेच म्हटलं, "धाकट्या, उद्या तू चालव. ती मागे बसेल. तिचा हात एक दिवस तरी सुटेल त्या कटकटीतून."

इतकी साधी गोष्ट इतके दिवस कुणाला सुचली नव्हती. धाकट्याने गॅरेजचं शटर खाली ओढलं आणि सकाळी दोघं निघाली. वहिनी मागे, तिच्या मागे पेटी. पहिल्या घरापर्यंत सगळं ठीक. तो बाहेर गाडीपाशी थांबला, आत जायची त्याची काही हिंमत झाली नाही. वहिनी परत आली, नळ्या स्टँडमध्ये लावल्या, झाकण बंद केलं, बसली. तो निघाला, आपल्या नेहमीच्या आरामाच्या वेगाने. थोडं अंतर गेल्यावर मागून वहिनी म्हणाली, "भाऊजी, वाढवा थोडं."

"घाई आहे का?"

"घाई नाही. ऐकू येत नाही का तुम्हाला?"

त्याने कान दिला. मागून, पेटीतून, बारीक आवाज येत होता. स्टीलच्या स्टँडमध्ये नळ्या किणकिणत होत्या. त्याने वेग वाढवला. किणकिण वाढली. "अजून," वहिनी म्हणाली. अजून वाढवला. "अजून थोडं. थोडं. बस, आता धरा." आणि किणकिण थांबली. एकदम थांबली, जसं कुणी खोलीतून उठून गेलं. मागे नळ्या गप्प, आणि पुढे त्याच क्षणी हँडल जिवंत झालं. मुठी त्याच्या तळहातात गुणगुणायला लागल्या, गुणगुण मनगटात शिरली, कोपरापर्यंत चढली. त्याने वेग जरा कमी केला. हँडल शांत झालं आणि मागे किणकिण सुरू.

"धरून ठेवा ना," वहिनी मागून म्हणाली, जरा वैतागूनच.

त्याने धरून ठेवलं. पुढचं घर येईपर्यंत धरून ठेवलं. उतरला तेव्हा बोटांना मुंग्या आल्या होत्या, आणि हे लक्षात घ्या, पाने पिळून पिळून ज्याचे हात लाकूड झालेत त्या माणसाची ही गत. गाडी स्टँडला लावून तो तसाच उभा राहिला.

"तुम्ही रोज याच वेगाने चालवता?"

"मग? त्याशिवाय नळ्या गप्प बसतात का?" तिला प्रश्नच कळला नाही. "रक्त फार हलून चालत नाही, भाऊजी. हललं की आतल्या पेशी फुटतात, रक्त बिघडतं. मग तपासणी चुकते आणि त्या माणसाला परत टोचायला लागतं. ज्याची शीर एकदाच कशीबशी मिळाली, त्याला परत? म्हणून मी पहिल्याच वर्षी शोधून ठेवलं, कुठल्या वेगाला आवाज बंद होतो ते. त्याच्या वर-खाली जात नाही."

"हात थरथरतात ते?"

"ते थरथरायचेच की. कुठेतरी थरथरणारच ना, गाडी आहे."

धाकटा रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसला. या वेळी रक्त पाहून नव्हे. इतकी वर्षं या बाईने गाडीची सगळी थरथर पेटीतून काढून स्वतःच्या हातात घेतली होती. रोज. ठरवून. लोकांचं रक्त शांत राहावं म्हणून. आणि तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं. आणि आपण, गाडीचे वैद्य, प्रत्येक वेळी आधी पेटी उतरवून, आपल्याला हव्या त्या वेगाने मजेत चक्कर मारून आलो आणि वर म्हणालो की दोष तुमच्यात. त्याला तिच्या पाया पडावंसं वाटलं. पण भररस्त्यात पाया पडला असता तर वहिनीने त्याला ऊन लागलं असं समजून घरी आणलं असतं. म्हणून तो नुसता म्हणाला, "वहिनी, हँडलला हात लावायची गरजच नव्हती. मला ती पेटी पाहिजे."

"तेलकट हात लावायचे नाहीत."

"धुऊन लावतो."

त्याचं म्हणणं साधं होतं. पेटी कुठल्याही वेगाला गप्प बसायला लागली, की वहिनी हँडल शांत असेल त्या वेगाने जाईल. त्याने कॅरिअरवरचे पेटीचे बोल्टच काढून टाकले. जुन्या ट्यूब कापून रबराच्या पट्ट्या केल्या आणि पेटी चारही कोपऱ्यांतून त्या पट्ट्यांवर तरंगती ठेवली. आतलं स्टीलचं स्टँड काढलं. त्या बदनाम फोमच्या मुठी कापून, त्यांना भोकं पाडून, प्रत्येक नळीला तिची स्वतःची घट्ट जागा केली. आता तपासायचं कसं? रक्त घेऊन तर फिरता येत नाही. शिवाय रक्त बघून हा पडला तर गाडी कोण आणणार? त्याने नळ्यांमध्ये साबणाचं पाणी भरलं. हललं की फेस येणार, जितकं हलेल तितका फेस. ही युक्ती सुचली तेव्हा त्याने आईला हाका मारून खाली बोलावलं, इतका तो खूश झाला.

पहिल्या फेरीत फेस बुचापर्यंत. पेटी पाळण्यासारखी झुलत होती आणि गतिरोधकावर चेंडूसारखी उडाली. त्याने बाजूने पट्टे लावले. फेस निम्म्यावर. पट्टे जास्त आवळले, फेस परत वर. सैल केले, पेटी उडते. तो दिवसभर त्याच रस्त्यावर जाऊन येऊन होता. चहाच्या टपरीवाल्याने विचारलं, "काय, कुणाच्या घरासमोरून फेऱ्या चालल्यात?" शेवटी खालच्या पट्ट्या जाड आणि वरच्या पातळ केल्या, तेव्हा तो आरामाच्या वेगाने, शांत हँडलवर हात ठेवून, टेकडीपर्यंत जाऊन आला आणि पेटी उघडली. नळ्यांमध्ये पाणी. नुसतं पाणी. वर एखाददुसरा बुडबुडा असेल. त्याने एकेक नळी उजेडात धरून पाहिली आणि त्याचे डोळे भरून आले. आता साबणाच्या पाण्याला बघून रडणारा मेकॅनिक तुम्ही पाहिला नसेल, पण असतात.

वहिनी दुसऱ्या दिवशी त्या गाडीवर जाऊन आली. हात पाण्यात घातले नाहीत. पण म्हणाली, "गाडी बरी झाली, भाऊजी. बोटाचं आता बोटाने बघायचं."

तिथे धाकट्याचे पाने संपले. बोटाला कुठे बोल्ट असतो? वहिनी दुपारी जेवणाच्या टेबलाशी बसायची, कागदाखाली सुतळी ठेवायची, डोळे मिटून कागदावर बोट फिरवायची. शिकताना त्यांना असंच शिकवलं होतं म्हणे, फक्त तेव्हा सुतळी नव्हे, केस ठेवायचे. पहिले काही दिवस तिला सुतळीही सापडेना. बोट सुतळीवरून जायचं आणि पुढे निघून जायचं, आणि धाकटा दारातून बघत ओठ चावायचा. सांगताही येत नव्हतं की वहिनी, गेली, मागे राहिली. मग एके दिवशी बोट सुतळीवर थांबलं. मग सुतळीच्या जागी दोरा आला. दोऱ्यावर गाडी अडली ती अडलीच. आईच्या तपासणीचा दिवस आला तरी केसापर्यंत वहिनी पोहोचली नव्हती. डॉक्टरांचं बजावणं होतं की तपासणी टळली तर औषध अंदाजाने द्यावं लागेल.

त्या सकाळी आईने आंघोळ करून, केस विंचरून, हात स्वतःहून उशीवर ठेवला. धाकटा दारात. खरं तर त्याने खाली जायला हवं होतं, पण पाय निघेनात. वहिनीने आईच्या दंडाला रबरी पट्टा बांधला, डावं बोट आईच्या कोपरात ठेवलं आणि डोळे मिटले.

वेळ गेला. बोट उचललं, ठेवलं. वहिनीच्या कपाळावर घाम आला. तिने बोट कोपरातून काढलं, मनगटाकडे नेलं, अंगठ्याच्या मुळाशी ठेवलं, परत काढलं. आई छताकडे बघत होती. धाकट्याला वाटलं, आता ती पट्टा सोडणार, उठणार, सुई डब्यात ठेवणार आणि विषय कायमचा संपणार. वहिनी पुन्हा कोपराकडे आली. या वेळी मध्यावर नाही, बाजूला, जिथे बाकी कुणी शोधलंही नसतं. बोट ठेवलं आणि राहू दिलं.

"भाऊजी," डोळे न उघडता ती म्हणाली, "इकडे या."

तो गेला. तिने त्याचा हात धरला, त्याचं बोट आपल्या बोटाच्या जागी नेमकं ठेवलं. "दाबू नका. नुसतं ठेवा. लागतंय?"

धाकट्याने श्वास रोखला. डोळे मिटले. बेअरिंगमधला खडा, वाकलेली सळई, स्क्रूचा सैल झालेला आटा, हे सगळं अंधारात ओळखणारं बोट ते. त्याच्याखाली आईची कातडी होती, ऊन, मऊ, सुरकुतलेली. बाकी काही नव्हतं. त्याने अजून थोडा वेळ वाट पाहिली. काहीच नव्हतं.

"नाही," तो म्हणाला. "काही लागत नाही, वहिनी."

"मला लागतंय," वहिनी म्हणाली. तिने त्याचं बोट बाजूला केलं, स्वतःचं ठेवलं, आणि सुई उचलली. काळपट लाल रक्त नळीत चढायला लागलं, आणि धाकटा उभाच होता.